कॅमेऱ्याखालचा झेंडा

खेळाडूंकडे मेडल साचतात, कोचकडे शिव्या साचतात आणि आम्हा रेफरी लोकांकडे किस्से साचतात. कारण सोपं आहे. मॅच असते दीड-दोन तासांची, आणि तेवढ्यासाठी आम्हाला तीन-तीन, चार-चार दिवस हॉटेलात कोंडून ठेवतात. टीमबरोबर राहायचं नाही, टीमच्या बसमध्ये बसायचं नाही, खेळाडूंच्या टेबलावर जेवायचं नाही. मग परक्या देशात आम्ही तीन-चार बायका एका खोलीत पलंगावर मांड्या घालून बसतो आणि तेच ते किस्से पुन्हा सांगतो. ऐकणारीला शेवट पाठ असतो, तरी ती हसते. थोड्या वेळाने तिच्या किश्श्याला आपल्यालाही हसायचं असतं ना!

मी हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीची. हिंगोलीच्या एका शाळेत खेळ शिकवते, आणि बोलावणं आलं की बायकांच्या आंतरराष्ट्रीय मॅचला असिस्टंट रेफरी म्हणून जाते. असिस्टंट म्हणजे रेषेवर झेंडा घेऊन पळणारी. शाळेत मी उज्ज्वला मॅडम, घरी आईची उजी, आणि मैदानावर कुणीच नाही. हे रडगाणं नाही. आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात की मॅच संपल्यावर जिची कुणाला आठवण येत नाही ती चांगली रेफरी. त्या हिशोबाने मी फारच चांगली आहे.

वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी बाहेर पडले की आई एकटी. आणि मी तर इथे एकटीच. आत्ता ज्या हॉटेलात बसून हे सांगतेय तिथून नरसी फार लांब आहे, आणि अजून बरेच दिवस लांबच राहणार आहे. इथे यावं की आईजवळ थांबावं याचा घोळ निघेपर्यंत चालला होता. ते शेवटी सांगते. आधी बाकीचे किस्से.

*

एकदा आयोजकांची काहीतरी गडबड झाली आणि आपली भारताची टीम आमच्याच हॉटेलात उतरली. भारताची मॅच मला कधी मिळत नाही. आपल्या देशाच्या मॅचला आम्हाला उभं करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण भारताच्या गटातल्या दुसऱ्या दोन देशांची मॅच माझ्याकडे होती. त्यामुळे आम्हाला सक्त ताकीद मिळाली होती: नमस्काराला नमस्कार करायचा, त्यापुढे एक शब्द नाही.

सकाळी नाश्त्याला निघाले तर लिफ्टमध्ये आपल्या टीमची एक मुलगी, कानाला फोन. आणि फोनवर चक्क मराठी. कोल्हापूरकडची असावी. आईने औषध घेतलं का, म्हशीचं कोण बघतंय, सगळी चौकशी चालली होती. कितीतरी दिवसांनी मराठी कानावर पडत होतं. मलाही त्या म्हशीबद्दल विचारावंसं वाटलं, दूध किती देते, नाव काय ठेवलंय. पण मी तोंड मिटून लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले.

पलीकडून आईने विचारलं असावं की जवळ कोण आहे. पोरीने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं.

"कुणी नाही गं," ती म्हणाली. "रेफरी आहे."

*

गावाकडे माझं काम समजावून सांगणं हा वेगळाच सामना. त्याला एक्स्ट्रा टाइमही पुरत नाही.

काही वर्षांपूर्वी कळमनुरीचे पाहुणे मला बघायला आले होते. चहा-पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोरगी काय करते. आमचे मामा छाती फुगवून म्हणाले, शाळेत तर हायच, वरून देशोदेशी जाऊन झेंडा दाखवती.

पाहुण्यांनी मान हलवली. म्हणाले, म्हणजे रेल्वेत गार्ड हाय म्हणा की, मग घरच्या माणसाला पास मिळत असेल. हिंगोलीच्या स्टेशनवर गाडीला झेंडा दाखवणारा माणूस त्यांनी पाहिला होता, त्यांचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, रेल्वे नाही, फुटबॉल. त्यांचा चेहरा पुन्हा उजळला.

"अरे वा! मग किती गोल केले आतापस्तोर?"

"एकही नाही," मी खरं ते सांगितलं.

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि फार हळहळून म्हणाले, "इतके देश फिरून एकबी न्हाई?"

ते स्थळ कळमनुरीलाच राहिलं.

*

असिस्टंट रेफरीला निम्मा वेळ आडवं पळावं लागतं. तोंड मैदानाकडे, पाय रेषेवर, म्हणजे खेकड्यासारखं. त्याचा सराव करायला नरसीत मैदान नाही, म्हणून मी सकाळी डांबरी रस्त्याच्या कडेने आडवी पळते. सुरुवातीला बायका आईला येऊन विचारायच्या की पोरीला बाहेरचं काही लागलं का. आई म्हणायची, लागलंय, सरकारी बूट लागलेत. बूट सरकारी नव्हते, पण आईला तो शब्द वजनदार वाटायचा.

एकदा दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल माझ्याजवळ येऊन थांबली. वर पिकल्या मिशांचे एक काका.

"मॅडम, गाव तिकडं हाय, तोंड इकडं काहून?"

मी पळता पळता समजावून सांगितलं की कामच असं आहे, बाजूला बघत पळायचं. काकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, मग मागून येणारा ट्रक कोण बघणार?

काकांनी मोटारसायकल माझ्या मागे घातली. कॅन खडखडतायत, काका हॉर्न वाजवतायत, आणि मी पुढे आडवी पळतेय, अशी आमची वरात देवळाच्या वळणापर्यंत गेली. तिथे हात करून ते डेअरीकडे वळले. इतकी वर्षं त्या रस्त्यावर पळतेय, पण माझ्या मागे कुणीतरी आहे असं फक्त त्या एका सकाळी वाटलं. काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

*

आता थोइबी. थोइबी मणिपूरची, मुख्य रेफरी, म्हणजे शिट्टी तिच्याकडे. बहुतेक दौऱ्यांवर आम्ही दोघी बरोबर असतो. तिला मराठी येत नाही, मला मणिपुरी येत नाही, आणि हिंदी आम्हा दोघींचीही सारखीच मोडकी. त्यामुळे आमच्यात भांडण होत नाही. भांडायला पुरेशी भाषाच नाही.

मॅचमध्ये आमच्या कानात यंत्र असतं, त्यातून एकमेकींशी बोलता येतं. पण असिस्टंटच्या वाट्याला अर्धंच मैदान येतं. एखादी टीम फार भारी असली की सगळा खेळ पलीकडे चालतो आणि माझ्या अर्ध्यात मी आणि एक कंटाळलेली गोलकीपर, दोघीच. तिकडे आरडाओरडा, पळापळ, आणि इकडे हातात झेंडा धरून मी उभी. समोर हजारो माणसं बसलेली असतात, पण त्यातलं एकही माणूस आपल्याकडे बघत नसतं. एवढं एकटं मला आमच्या शिवारातही कधी वाटलं नाही.

हे मी एकदा थोइबीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मात्र पुढच्या मॅचला, खेळ पलीकडे अडकून बराच वेळ झाल्यावर, कानात एकदम आवाज आला.

"उज्ज्वला, हाय का?"

आईशी फोनवर बोलताना मी म्हणते ते तिने उचललं होतं. मी म्हटलं, "हाय." बस्स, तेवढंच. तेव्हापासून प्रत्येक मॅचला असा एकदा-दोनदा आवाज येतोच.

आमचं बोलणं रेकॉर्ड होतं आणि नंतर निरीक्षक ते ऐकतात. एका परदेशी निरीक्षकबाईंनी मॅचनंतर आम्हाला समोर बसवलं. बाकी सगळं नीट समजलं, पण हा ‘हाय का, हाय’ कोणता सिग्नल आहे, तो आमच्या नियमात नाही, असं त्या म्हणाल्या. मी घाबरून थोइबीकडे पाहिलं. थोइबी मात्र अगदी शांत.

"मॅडम," ती म्हणाली, "हजेरी आहे."

*

आईने माझी मॅच पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्या शीतलच्या मोबाइलवर. शीतल म्हणजे शेजारची सून, माझ्या माघारी आईकडे लक्ष ठेवणारी. तेव्हा मी दुसरी असिस्टंट होते. दुसरी असिस्टंट कॅमेऱ्याच्या समोरच्या रेषेवर पळते, त्यामुळे सारखी दिसते. आईने निम्म्या गल्लीला बोलावून दाखवलं. रात्री फोनवर म्हणाली की बराबर दिसत होतीस, फक्त केस नीट बांधत जा.

पुढे मला बढती मिळाली, पहिली असिस्टंट केलं. आता गंमत अशी की पहिलीची रेषा बरोबर कॅमेऱ्याच्या खाली येते. बाकी सगळं मैदान दिसतं, ती मात्र चौकटीच्या खाली राहते. मला हे ठाऊक होतं, पण बढतीच्या आनंदात आईला सांगायचं सुचलं नाही. मॅच संपल्यावर फोन लावला तर आईचा आवाज उतरलेला.

"उजे, खरं सांग. तुला काढलं का?"

"काढलं नाही आई, उलट वर घेतलं."

"वर घेतलं तर दिसत काहून न्हाईस?"

मी पुष्कळ समजावलं. बढती मिळाली की माणूस दिसेनासं होतं हे तिला काही पटेना. मलाही आत कुठेतरी पटत नव्हतं. त्या रात्री मला खरंच वाटलं, नको ती बढती, मला परत समोरच्या रेषेवर पाठवा. तिथे निदान एक माणूस माझ्याकडे बघत होतं.

वाट शीतलने काढली. तिच्या लक्षात आलं की मी दिसत नसले तरी झेंडा दिसतो. मी हात उंचावला की चौकटीच्या खालच्या काठावर लाल-पिवळं फडकं एकदम वर येतं. तिने आईला ते दाखवलं. तेव्हापासून आई मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवते, चष्मा लावते आणि खालच्या काठावर बोट ठेवून बसते. मॅच तिच्या गावीही नसते. बॉल रेषेबाहेर गेला की मी झेंडा दाखवते, म्हणून बॉल बाहेर गेला की आई खूश! गोल झाला की तिचा विरस होतो, कारण मग सगळे मैदानाच्या मध्यावर जातात आणि झेंड्याचं काम राहत नाही. सगळ्या जगात असा प्रेक्षक दुसरा नसेल.

शीतल सांगते, झेंडा वर आला की आई हळूच म्हणते, "हाय."

*

एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा आईने मला झेंड्याच्या खुणा विचारून घेतल्या. तिरका म्हणजे बॉल बाहेर गेला. आणि सरळ वर म्हणजे ऑफसाइड. आता ऑफसाइड समजावणं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. मी म्हटलं, आपल्याकडून बॉल सुटायच्या आधीच एखादी पोरगी सगळ्यांना ओलांडून पुढे निघून गेली, तर झेंडा सरळ वर करायचा.

आईने दोन मिनिटं विचार केला. "म्हंजे तिला म्हनायचं, लई पुढं गेलीस, माघारी ये."

इतक्या सोप्या शब्दांत मलाही कुणी शिकवलं नव्हतं. बक्षीस म्हणून माझा एक जुना, रंग उडालेला झेंडा मी तिला देऊन टाकला. हात कोपरात वाकवायचा नाही, पाय जुळवायचे, दांडी सरळ, सगळं शिकवलं. आईने तो उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या खारोड्यांवरचे कावळे हाकायला वापरला. शीतलची सासू म्हणाली, कावळे ऑफसाइड झाले वाटतं.

*

एका मॅचला ऐन वेळी कानातली यंत्रं बंद पडली. एका टीमची एक मुलगी स्पष्ट ऑफसाइड होती. मी झेंडा वर केला. पण थोइबीची माझ्याकडे पाठ होती, तिला दिसला नाही, शिट्टी वाजली नाही. खेळ चालूच राहिला. बॉल खांबाला लागला, माघारी आला, पुन्हा त्याच टीमच्या पायात गेला, पुन्हा आत आला. आणि मी तशीच उभी. मागे प्रेक्षकांत हसाहशी सुरू झाली. कुणीतरी माझ्यासारखा हात वर करून नक्कल करू लागलं असावं, पण मागे वळून बघायचं नसतं. शेवटी थोइबीने मान वळवली आणि शिट्टी वाजली.

आईने ते सगळं पाहिलं होतं, म्हणजे चौकटीच्या काठावर थांबलेलं फडकं पाहिलं होतं. फोनवर तिने विचारलं की तशी उभी काहून होतीस, कुणी बघत नव्हतं तर हात खाली घ्यायचा. मी सांगितलं की तसं चालत नाही. आपल्याला पक्कं दिसलं असेल तर रेफरीचं लक्ष जाईपर्यंत झेंडा धरूनच ठेवायचा.

"अन् तिनं बघितलंच न्हाई तर?"

"तरी धरायचा."

आई म्हणाली, "हात भरून आला असंल गं, माय."

*

आत्ताच्या या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा शाळेत पेढे वाटले, हिंगोलीत सत्कार झाला. अशी संधी माझ्यासारखीला पुन्हा येईल असं नाही. पण आधी शिबिर आणि मग स्पर्धा मिळून दोन महिने घराबाहेर. आईचे गुडघे गेलेले, पावसाळा तोंडावर, आणि मागच्याच महिन्यात ती न्हाणीघरात घसरली होती. शीतल भली आहे, पण तिलाही तिचं घर आहे.

मी आईला विचारलं, जाऊ का? आई ज्वारी निवडत होती. "तुझी मर्जी, माय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मला रागच आला. झेंडा अर्धा वर, अर्धा खाली असा चालत नाही, असं मी पोरींना शिकवते, आणि माझ्याच घरात मला स्पष्ट खूण मिळेना. ती जा म्हणाली असती तर मी निवांत गेले असते. नको म्हणाली असती तर, खरं सांगते, राहिले असते. म्हटलं, आई, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण एक काहीतरी म्हण.

"मी कोन सांगनार?" आई म्हणाली. "तू शिकलेली हायस." आणि सूप उचलून आत गेली.

म्हणून मीच ठरवलं. बॅग भरली.

निघायच्या दिवशी सकाळी आईने त्रिशरण म्हटलं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गुडघे दुखत असताना फाट्यापर्यंत आली, सोबत शीतल. आईच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, अजून काही खायचं असेल. एसटी आली. कंडक्टर ओळखीचे होते, त्यांनी जयभीम करून विचारलं, मॅडम, आता कोणता देश? मी पाया पडले. आई फक्त "ये" म्हणाली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मला थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलली तशी मी मागे पाहिलं. आईने पिशवीत हात घातला आणि माझा तो जुना झेंडा बाहेर काढला. मला हसू आलं. वाटलं, आता हलवून टाटा करणार. मीही खिडकीतून हात बाहेर काढला.

आईने झेंडा हलवला नाही. तिने पाय जुळवले, दुखरे गुडघे ताठ केले आणि झेंडा सरळ वर धरला. हात कोपरात न वाकवता, मी शिकवला होता तसा.

कंडक्टर मागच्या काचेतून बघत होते. "मॅडम, तुमच्या आई कायतरी दाखवून राहिल्या. गाडी थांबवायची का?"

"नाही," मी म्हटलं. "चालू द्या."

गाडीने वेग घेतला. शीतलने आईच्या खांद्यावर हात ठेवलेला दिसला, मग ती दिसेनाशी झाली. मग आईही दिसेनाशी झाली. वळणावर बाभळी आडव्या येईपर्यंत मी बघत होते. झेंडा खाली आला नव्हता.